मळईवरच्या आत्याबाई

आत्याबाईंच्या बोलण्यात डावं-उजवं नव्हतं आणि पूर्व-पश्चिमही नव्हती. त्यांच्या दिशा चारच होत्या: नदीकडं, माळाकडं, वरल्या अंगाला आणि खालल्या अंगाला. कयाधू नदी जिकडून येते ते वरलं अंग, जिकडं जाते ते खाललं. घरात असोत, शेतात असोत की कळमनुरीच्या बाजारात, त्या याच चार दिशांनी बोलायच्या आणि ऐकणाऱ्याला त्या ठाऊक असणारच असं धरून चालायच्या.

लग्न होऊन मी या गावी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसले होते. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "माळाकडच्या गाडग्यातलं मीठ घे." स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. माळ कुठे आणि नदी कुठे, मला नवखीला काय कळणार? मी अंदाजाने एका गाडग्यात हात घातला आणि वरणात पापडखार पडला. माझे मालक जेवताना नुसते पाणी पीत राहिले. आत्याबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "काहून गं, माळ कुठं गेला व्हता आज?" त्या दिवसापासून मी आधी मनातल्या मनात नदी शोधायची आणि मग मीठ.

आत्याबाई माझ्या सासऱ्यांची बहीण. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे घरात वडीलधारं माणूस म्हणजे त्याच. लहानपणी त्यांचं लग्न नदीकाठच्याच एका गावात झालं होतं आणि सहा महिन्यांत त्या विधवा होऊन माहेरी परत आल्या होत्या. त्याबद्दल त्या कधी रडगाणं गात नसत. कोणी विषय काढलाच तर म्हणत, "सहा महिने खालल्या अंगाला राहून आले," आणि हातातलं काम पुढे चालू. पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी आमची मळई सांभाळली. मळई म्हणजे पुराच्या गाळाने काठावर तयार झालेला जमिनीचा पट्टा. आमच्या घराचं पोट त्या पट्ट्यावर चालायचं. वरच्या माळावर आमचं आणखी एक रान होतं, पण ते मुरमाड, चार महिन्यांचं धान्य दिलं तरी पुष्कळ.

एकदा त्यांचा गुडघा धरला. आम्ही त्यांना बैलगाडीतून कळमनुरीच्या हकीमसाहेबांकडे नेलं. हकीमसाहेबांनी विचारलं, "कौनसा घुटना, अम्मा?" आत्याबाई म्हणाल्या, "नदीकडचा." हकीमसाहेब हसले. त्यांच्या दवाखान्यातून नदी कोणत्या बाजूला आहे हे त्यांनाच सांगता येईना. आत्याबाईंनी भिंतीकडे बोट केलं, आणि बोट बरोबर होतं. मग उजेड नीट यावा म्हणून त्यांनी आत्याबाईंना वळवून बसवलं आणि नदीकडच्या गुडघ्याला लेप थापला. तो चांगला गुडघा होता. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, सांगितलं का नाही त्यांना?" त्या म्हणाल्या, "त्यानं इचारलं तवा मी खरं सांगितलं. मंग त्यानं मला फिरवलं, त्याला मी काय करू?" आठ दिवस त्या लेप लावलेल्या चांगल्या गुडघ्याने लंगडत होत्या. लेप वाळून कातडी ओढत होता म्हणे.

माझं माहेर साखऱ्याचं. तिकडे सगळी कोरडवाहू शेती, चहूकडे माळ आणि पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. माझ्या भावाच्या लग्नाला आत्याबाई आल्या आणि पहिले दोन दिवस नुसत्या बावरल्यासारख्या बसून राहिल्या. तांब्या मागायचा तर कुठला ते सांगता येईना. पाहुणे म्हणाले, म्हातारीला बरं नाही वाटतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कुणाला न सांगता बाहेर पडल्या आणि दोन तासांनी परत आल्या त्या खुशीत. ओढ्याच्या कडेकडेने चालत जाऊन पाणी कुठे वळतं ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. माझ्या आईला म्हणाल्या, "तुमचं पाणी बी शेवटी आमच्या कयाधूलाच येऊन मिळतंय. म्हंजे आपण लांबचे का व्हईना, पहिल्यापासून सोयरेच." मग त्यांनी लग्नात सगळ्यांना कामं सांगितली. ओढ्याकडच्या माणसांना आधी वाढा, असं त्या वाढप्यांना बजावत होत्या, आणि वाढपी माझ्याकडे बघत होते.

मातीची नावं त्यांनी स्वयंपाकघरातून घेतली होती. पूर ओसरला की मळईवर पसरलेला गाळ त्या चिमटीत धरून अंगठ्याने चोळायच्या. अगदी मऊ असेल तर ते पीठ, जरा कणीदार असेल तर रवा आणि बोटाला टोचला तर भरडा. संथ पाण्याने पीठ पडतं, ओढीच्या पाण्याने रवा आणि भरडा, असं त्या सांगत. पिठात गहू, रव्यात हरभरा, आणि भरड्यात उन्हाळ्यात टरबुजं. एकदा त्यांनी मला तांबूस गाळाचा एक थर दाखवला आणि म्हणाल्या, "ही आमच्याकडली माती न्हाई. ही तुमच्याकडल्या माळावरची. तुझ्या बापाच्या रानातून धुऊन निघती, आन् आमी गहू खातो. तू आत्ता आलीस, तुमची माती कवाची येऊन राहिली." त्यांनी हे सहज म्हटलं, पण माझ्या डोळ्यांपुढे दर पावसाळ्यानंतर बांधावर दगड रचणारे माझे वडील आले. एकाची माती जाते तेव्हा दुसऱ्याची मळई होते, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

मळईवर पेरणी कधी करायची ते गावात आत्याबाई ठरवत. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की नाही ते पाहण्यासाठी त्या मूठभर मातीचा लाडू वळायच्या आणि गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडायच्या. लाडू चपटा झाला तर थांबा, फुटून चार तुकडे झाले तर पेरा, भुगा झाला तर उशीर झाला. ते कुणालाही करता आलं असतं. पण काठावरचे दहा-बारा शेतकरी आपापला लाडू करून बघायचे आणि तरीही आत्याबाईंना विचारायला यायचे. मालक त्यांना चिडवायचे, "आत्या, तुझ्या हातचा लाडू गोड लागतो व्हय लोकाइला?" त्या म्हणायच्या, "मी माझ्या रानाचं आन् लोकाच्या रानाचं येकच सांगते. म्हणून येतेत." यात बढाई नव्हती. त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं होतं.

नदीकाठी सगळ्यात मोठा तंटा जमिनीच्या हद्दीचा. आमची हद्द म्हणजे नदीच, आणि नदी काही एका जागी राहत नाही. त्यासाठी काठावर पूर्वापार एक रीत होती. पुरामागून पुरात थोडा थोडा गाळ आणून नदीने जमीन वाढवली, तर ती ज्या काठाला लागली त्या काठाच्या माणसाची. पण नदीने एकदम उडी मारून कुणाचं तयार रान ओलांडलं, तर ते रान दुसऱ्या काठाला गेलं तरी ज्याचं होतं त्याचंच. ऐकायला हे सरळ वाटतं. पण जमिनीच्या एखाद्या तुकड्याकडे बघून तो नदीने आणलेला की नदीने ओलांडलेला, हे सांगायचं कुणी?

पंचेचाळीस साली, महायुद्ध संपायच्या सुमाराला, भादव्यात मोठा पूर आला. आमच्या मळईसमोर नदी एक मोठं वळण घ्यायची. ती आमच्या काठाला घासून जायची, आणि पलीकडची जमीन जिभेसारखी त्या वळणात शिरलेली होती. त्या जिभेवर पलीकडच्या तांड्यातला धावजी कापूस लावायचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. जमिनीला चिकटलेली त्याची दुसरीच पिढी. पाणी तीन दिवस होतं. ओसरलं तेव्हा नदीने वळण सोडून दिलं होतं. जिभेच्या मुळाशी आरपार कापून ती सरळ निघून गेली होती. जुन्या पात्रात डबकी उरली, आणि धावजीचं रान आता आमच्या काठाला येऊन लागलं. त्यावर इतका गाळ बसला होता की बांध नाही, झुडूप नाही, सगळं एकसारखं गुळगुळीत.

त्याच पुराने आमची मळई मात्र खरवडून नेली. जिथे गहू व्हायचा तिथे गोटे उघडे पडले. मी ते बघून बांधावरच बसले. घरात तेव्हा दोन लेकरं होती आणि तिसरं पोटात होतं. समोरचा तो गाळाचा तुकडा आम्हाला मिळाला तर आमचं घर उभं राहणार होतं, नाही तर माळावरचं मुरमाड रान आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी.

मालक म्हणाले, "धावजीचं रान गेलं वाहून. हा गाळ नवा हाय. नदीनं आणलाय आन् आपल्या काठाला लावलाय." त्यांचा त्यावर खरंच विश्वास बसला होता. गरज असली की विश्वास बसायला वेळ लागत नाही. माझाही बसला होता, हे कबूल करते.

पाणी कमरेइतकं झाल्यावर धावजी दोन माणसं घेऊन नदी उतरून आला. काठावरच्या करंजाखाली गावातले चार जाणते बसले. धावजी म्हणाला, "माझं रान कुठं बी गेलं न्हाई. खाली हाय. वरून नुसती गोधडी पडली त्याच्या अंगावर." मालक म्हणाले, "कशावरून?" बराच वेळ हेच चाललं. शेवटी धावजीच म्हणाला, "आत्याबाई सांगतील ते मला कबूल." जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आत्याबाई तर आमच्याच घरच्या. मालकांनी ताबडतोब मान डोलावली. त्यांना वाटलं, झालंच काम.

आत्याबाई त्या तुकड्यावर चालत गेल्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मातीला हात लावला नाही. मग मालकांना म्हणाल्या, "ग्यानू, कुदळ घे. जागा तूच निवड आन् तूच खण." मालकांनी जागा निवडली ती जुन्या पात्राच्या बाजूला, जिथे गाळ सगळ्यात जाड असणार तिथे. ते खणायला लागले. वीतभर पीठ निघालं. त्याखाली रवा. त्याखाली पुन्हा पीठ. हातभर खोल गेले तरी गाळच. मालकांनी कुदळ टेकवली आणि घाम पुसला. त्यांचा चेहरा उजळला होता. जाणत्यांपैकी एक जण म्हणाला, "दिसून राहिलं की. नवाच गाळ हाय." धावजी मान खाली घालून उभा होता.

आत्याबाई म्हणाल्या, "अजून."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खणलं. गाळच निघाला. "बास की आत्या," ते म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "अजून वीतभर." त्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि नजर पुन्हा खड्ड्यात वळवली. कुदळीचे दोन-चार घाव पडले आणि मग आवाज बदलला. खाली काळी चिकण माती होती आणि तिच्यात रोवलेली कापसाची झाडं. पाण्याने सगळी एका बाजूला लोळवलेली, पानं कुजून काळी पडलेली, पण मुळं जागच्या जागी. मालकांनी हाताने गाळ बाजूला केला. एक झाड, मग अंतर सोडून दुसरं झाड, मग तिसरं, एका ओळीत.

कुणी तरी पुटपुटलं की वरून वाहत आलेली झाडं असतील. आत्याबाई म्हणाल्या, "झाडं वळीत हायत. नदी वळीत पेरत न्हाई." बस्स, एवढंच. तुकडा धावजीचा ठरला. मालकांनी कुदळ खड्ड्यात टाकली आणि घराकडे निघून गेले. ती कुदळ संध्याकाळी धावजीने धुऊन आमच्या दारात आणून ठेवली.

त्या दिवसापासून मालक आत्याबाईंशी बोलले नाहीत. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, तीन वर्षं. काही सांगायचं तर माझ्यामार्फत. "म्हातारीला म्हणावं, बैलाला पेंड घातली का," असं ते आत्याबाई समोर बसलेल्या असताना मला म्हणत. आत्याबाई मला उत्तर देत आणि मी ते मालकांना सांगे. त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण आम्ही हसलो नाही. आम्ही माळाचं रान कसायला लागलो. हंगामात मी आणि मालक लोकांच्या मळईवर मजुरीला जायचो. मुरमाड रानातलं मला कळत होतं, कारण मी साखऱ्याची. आत्याबाई साठी उलटल्यावर माझ्याकडून बांधावर दगड कसे रचायचे ते शिकल्या. काठावरचे शेतकरी पेरणीच्या वेळी त्यांना पूर्वीसारखेच विचारायला येत. धावजीही येई. तेव्हा मालक उठून बाहेर जात.

एकदा आम्ही दोघी जात्यावर बसलो होतो. मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी हातभर खणून झालं होतं. तिथंच थांबावं असं वाटलं नाही?" त्यांनी जात्याचा खुंटा सोडला नाही. म्हणाल्या, "दोनदा वाटलं. खोटं काहून बोलू? तुझ्याकडं बघितलं तवा तर लईच वाटलं." मग थोडं दळण झाल्यावर म्हणाल्या, "पर मला चालतानाच कळलं व्हतं. टाचंखाली गाळ येगळा लागतो आन् रान झाकून असलं की येगळं लागतं. एकदा कळल्यावर न्हाई कळलं असं कसं करता येतं, ते मला कुणी शिकवलं न्हाई." मला त्यांचा राग आला. तीन लेकरांची आई होते मी, राग येणारच. पण तो राग फार दिवस टिकला नाही, आणि टिकला नाही याचं मला अजूनही बरं वाटतं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी संपल्या. मालकांनी सगळं रीतीप्रमाणे केलं, केस उतरवले, दहावा-तेरावा केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही आणि तोंडातून शब्दही निघाला नाही. मीही रडले नाही. घरात इतकी वर्षं इतकं गप्प राहायची सवय झाली होती की रडणंही कुठे तरी अडून बसलं होतं. तेव्हा काळही वाईट होता. गावोगाव निजामाच्या माणसांची भीती पसरली होती. ज्यांची पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात सोय होती ती माणसं लेकराबाळांना घेऊन तिकडे गेली. धावजीचा तांडाही गेला. त्याच्या रानात त्या वर्षी पेरणीच झाली नाही.

पुढे निजामाचं राज्य गेलं आणि दिवाळीच्या आसपास जमिनीची नोंद करणारा एक कारकून गावात आला. गावाचे जुने कागद त्या गडबडीत नाहीसे झाले होते, म्हणून तो शेतात उभा राहून ज्याला त्याला विचारून लिहून घेत होता. मी मालकांची भाकरी घेऊन नदीवर गेले तेव्हा तो नेमका त्या तुकड्यावर उभा होता. मालक होते, गावातले आणखी दोघे-तिघे होते. कारकुनाने विचारलं, "हे कोणाचं?"

 सगळे मालकांकडे बघत होते. जुनं पात्र एव्हाना बुजून गेलं होतं. बघणाऱ्याला तो तुकडा आमच्याच रानाचा भाग वाटला असता. धावजी इथे नव्हता, परत येईल की नाही कुणाला माहीत नव्हतं. आत्याबाई नव्हत्या. मालकांनी एक शब्द उच्चारला असता तर आमची मजुरी सुटली असती, आणि त्या दिवशी त्यांना कुणी खोटं पाडलं नसतं. मी डोक्यावरची टोपली खाली ठेवायची विसरले.

मालकांनी पायाखालचं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. मग म्हणाले, "लिवा. धावजी. पल्याडचा तांडा."

"पल्याडच्या माणसाची जमीन अल्याड कशी?" कारकुनाने विचारलं.

"नदीनं वलांडलीय."

"कशावरून?"

"मी खणून बघितलंय," मालक म्हणाले.

कारकुनाने खांदे उडवले आणि नाव लिहिलं. आम्ही घराकडे निघालो. मालक पुढे, मी मागे. भाकरी तशीच टोपलीत होती. गावाच्या अलीकडे ते एकदम थांबले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. आवाज रागाचा होता. "आत्यानं माझा घात केला," ते म्हणाले. "तिला ठावं व्हतं तर तोंडानं सांगायचं. माझ्या हातात कुदळ काहून दिली? नुसतं सांगितलं असतं तर आज मला खोटं बोलता आलं असतं."

तीन वर्षांनी त्यांच्या तोंडी 'आत्या' हा शब्द आला होता. ते तसेच पुढे चालत गेले. मी वाटेच्या कडेला बसले आणि आत्याबाई गेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडले.